टाकेबाईंचा एकच प्रश्न

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई जखमेला टाके घालताना एकच प्रश्न विचारायच्या. बाकीचे डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" मग बायकांची उत्तरं ठरलेली. मोरीत पाय घसरला. स्टोव्हचा भडका उडाला. फळीवरचा डबा डोक्यात पडला. बाईंनी असं कधी विचारलं नाही. सुईत दोरा ओवत, मान वर न करता त्या म्हणायच्या, "कुणी?"

दवाखाना अंबरनाथला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. धर्मादाय होता, म्हणून गर्दी फार. मी तिथे आया होते. फरशी पुसायची, कात्र्या-चिमटे उकळायचे, रक्ताचे बोळे जाळायचे. माहेर चामटोलीचं, शिक्षण चौथीपर्यंत, आणि तोंडातून शब्द निघायचा नाही असा स्वभाव. सासर उल्हासनगरात कॅम्प पाचला, तिथून मी चालत यायचे. बाई बदलापूरच्या, कुळगावात भावाकडे राहायच्या. हात इतका हलका की बाया लांबून यायच्या आणि दारातच विचारायच्या, "टाकेबाई आहेत का?" खरं नाव कुणी घेत नसे. मीही इथे घेत नाही.

"कुणी?" या प्रश्नाला सगळ्या अडायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? यमुना म्हणून एक होती, डोक्याला मागे मोठी खोक पडलेली, पदर रक्तानं चिकटलेला. ती म्हणाली, "इश्श बाई, त्यांचं नाव कसं घेऊ?"

"हळदीकुंकवाला घेतेस ना? तसं घे. उखाण्यात घे, पण घे."

यमुनानं डोळे मिटले आणि म्हणाली, "चांदीच्या ताटाला सोन्याचा काठ, तुकारामरावांनी डोक्यात घातला पाट."

रांगेतल्या बाया हसल्या. यमुनाही हसली, आणि हसताना जखमेतून रक्ताची धार लागली. फक्त बाई हसल्या नाहीत. टाका पूर्ण केला, हात पुसले आणि निळ्या रजिस्टरात लिहिलं. तुकाराम. पाट. सात टाके. त्या दिवसापासून उखाण्याची रीतच पडली. किती तरी नवऱ्यांची नावं त्या टेबलावर रक्तासोबत आली. लाटणं, पट्टा, कुकरचं झाकण, स्टोव्हचं रॉकेल. मी बोळे धरून उभी असायचे आणि ऐकायचे. माझ्या पाठीवरही वळ होते. पण पाठीला टाके लागत नाहीत, म्हणून मला कुणी विचारत नव्हतं.

बाई म्हणायच्या, "मलेरिया झाला की आपण डबकं शोधतो ना सुमन? मग डोकं फुटलं की नुसतं शिवून घरी का पाठवतो? परत त्याच डबक्यात." त्यांना पुढे शिकायचं होतं. डॉक्टरकीच्याही वरची पदवी, एका माणसाला नाही तर अख्ख्या गावाला तपासण्याची. सार्वजनिक आरोग्य म्हणायच्या त्याला. ते शिक्षण परदेशात होतं आणि त्यासाठी मोठाले अर्ज होते. बदलापूरच्या टायपिंग क्लासात बसून त्यांनी ते स्वतः टाइप केले. तीन ठिकाणी पाठवायचे होते. दुपारी दवाखाना रिकामा झाला की मला वाचून दाखवायच्या, इंग्रजी वाचून मग मराठीत सांगायच्या.

एकदा रजिस्टर चाळता चाळता म्हणाल्या, "शनिवारी टाके जास्त का लागतात गं?"

मी पटकन बोलून गेले, "शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते ना. घरी असतात."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं काही चुकलं. मग त्यांनी टाइप केलेलं पान फाडलं आणि नवीन घातलं. "हे मला तीन वर्षांत दिसलं नाही. तुझं वाक्य पहिलं घालते," म्हणाल्या. चौथी पास बाईचं वाक्य विमानानं गेलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बाई आल्या त्या तोंडाला रुमाल लावून. खालचा ओठ फाटला होता, डावा कान सुजून लाल झाला होता. मी कापूस ओला करून पुढे धरला. त्या माझ्याकडे बघेनात. माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक, पण निघालं. "कुणी?"

"पडले गं," बाई म्हणाल्या. "मोरीत."

मी कापूस तसाच धरून ठेवला. मग त्यांनीच सांगितलं. भावानं तिसऱ्या अर्जाचे सगळे कागद बंबात घातले होते. त्याला त्यांचं लग्न त्याच्या साहेबाच्या विधुर भावाशी लावायचं होतं. बत्तीस वर्षांची घोडी अजून परीक्षा देते म्हणून तो शेजारीपाजारी बोलायचा. बाईंनी बंबात हात घालून कागद काढायला बघितलं, तेव्हा त्यानं मारलं. त्यांनी तो अर्ज पुन्हा टाइप केला. मला म्हणाल्या, "उत्तरं आमच्या घरी आली तर तो फाडील. पहिल्या दोघांना दवाखान्याचा पत्ता दिलाय, पण इथली पत्रं विश्वस्तांचा माणूस फोडतो. हा तिसरा तुझ्या पत्त्यावर घालू का?" मी मान डोलावली. माझ्या पत्त्यावर कधी पत्र आलं नव्हतं, म्हणून भीती वाटली नाही.

वाट बघणं सुरू झालं. बाईंनी मला खूण शिकवून ठेवली. "पाकीट जाड आलं तर होकार. फॉर्म, माहिती, सगळं असतं आत. पातळ आलं तर नकार. नकाराला एकच कागद लागतो." शिमग्याच्या आधी पहिलं आलं. पातळ. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, चौघडी घातली आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. "चला, टेबल तरी सरळ झालं," म्हणाल्या. दुसरंही पातळ आलं. त्याची घडी घातली नाही. बराच वेळ हातात धरून बसल्या होत्या.

तिसरं माझ्या घरी आलं ते शुक्रवारी. पोस्टमननं ते आमच्या ह्यांच्या हातात दिलं. निळ्या-लाल कडांचं, बाहेरच्या देशाचं तिकीट, आणि वर माझं नाव.

"परदेशातनं पत्र येतं तुला? कोण यार बसलाय तिकडं?"

"बाईंचं आहे. दवाखान्यातल्या."

"तिच्या घरी काय पोस्ट नाही?" त्यांनी ते पाकिटासकट फाडलं, परत फाडलं आणि मोरीत फेकलं. मी वाकले तसा जेवणाचा डबा भिरकावला. डब्याची कड भुवईवर बसली. रक्त डोळ्यांत ओघळलं, दिसेना, तरी मी चाचपडत कागद गोळा करत होते. मग पाठीत लाथा. भिंतीपलीकडची सिंधी म्हातारी, आम्ही तिला दादी म्हणायचो, पत्रा बडवत ओरडत होती, "ए गणपत! मर जाएगी वो! छोड!"

"घरका मामला है, तू पापड लाट," हे ओरडले.

ते निघून गेल्यावर मी तुकडे धुतले आणि मिठाच्या बरणीमागे वाळत ठेवले. पाकीट पातळच होतं. म्हणजे नकार. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझी भुवई शिवली. दोरा ओवत म्हणाल्या, "कुणी?"

"पडले."

"कुठे?"

"मोरीत."

बाईंचा हात थांबला. पण मी कसं सांगणार होते? कुणी ते सांगितलं तर कशावरून तेही सांगावं लागलं असतं. आणि बाई आदल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "हाही नकार आला ना सुमन, तर मी दादाला हो म्हणून टाकणार. थकले मी आता." मला वाटलं, पत्र आलंच नाही असं समजल्या तर वाट बघत राहतील. वाट बघतात तोवर त्या लग्नातून वाचतील. त्या रोज विचारायच्या, "आलं?" मी नाही म्हणून मान हलवायचे. नऊ दिवस मी त्यांच्याशी खोटं बोलले.

दहाव्या दिवशी बाई हिरव्या बांगड्या भरून आल्या. म्हणाल्या, "उद्या साखरपुडा आहे. आता नाही बघत वाट."

यमुनेसारखा उखाणा सुचेना. मी म्हणाले, "गणपतनं मारलं, बाई. डब्यानं. तुमच्या पत्रावरून." लग्नाला आठ वर्षं झाली होती, ते नाव मी नुसतं असं कधी उच्चारलं नव्हतं. मग पदराच्या गाठीतून तुकडे काढून टेबलावर ठेवले. "पातळ होतं म्हणून नाही सांगितलं."

बाई रागावल्या नाहीत. एकेक तुकडा उचलून तसाच वाचायला लागल्या, जुळवेनात. मीच जुळवले. केसपेपरच्या पाठीवर खळ लावली आणि एकेक बसवला. इंग्रजी अक्षरं मला कळत नव्हती, पण फाटलेल्या कडा कळत होत्या. एक तुकडा मोरीतून वाहून गेला होता, तिथे भोक राहिलं.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या भुवईच्या टाक्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "घेतलंय गं मला. म्हणतात, येणार असाल तर लगेच कळवा, मग बाकीचे कागद पाठवतो." कधीपर्यंत कळवायचं, ती तारीख त्या भोकात गेली होती.

आम्ही तशाच तार ऑफिसात गेलो. उत्तरासाठी पत्ता मी दादीचा सांगितला. फॉर्म भरताना बांगड्या आडव्या येत होत्या, म्हणून बाईंनी त्या तिथल्याच काउंटरवर आपटून फोडल्या. मनगटातून रक्त आलं. तारबाबू बघतच राहिला.

साखरपुडा मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ दवाखान्यात आला. हातात सायकलची चेन होती. "कुठाय ती? बाहेर काढा रांडेला!" बाई आत एका मुलाला टाके घालत होत्या. मी दार ओढून घेतलं आणि कडीला लटकले.

"कोण गं तू? बाजूला हो!"

मी कडी सोडली नाही. त्यानं दाराला लाथ घातली, दार उघडलं आणि परत आपटलं. माझं उजव्या हाताचं बोट चौकटीत सापडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. चेन माझ्या खांद्यावर बसली, एकदा, दोनदा. मग रांगेतून यमुना उठली. हातात काय होतं तिच्या, तर दवाखान्यातलं लोखंडी भांडं. तिनं ते त्याच्या मनगटावर हाणलं. चेन पडली. पाठोपाठ बाकीच्या उठल्या. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी त्याला चपलांनी रस्त्यापर्यंत नेला. त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होतं आणि तो आईला हाका मारत होता. मला त्याची दया आली नाही, हे खरं लिहिते.

बाईंनी माझं बोट लाकडाच्या दोन पट्ट्यांत बांधलं. रंग उडाला होता त्यांचा. मग निळं रजिस्टर पुढे ओढलं, पेन उघडलं आणि रोजच्या आवाजात विचारलं, "कुणी?"

"तुमच्या दादानं."

"नाव सांग."

"प्रकाश."

बाईंनी लिहिलं. प्रकाश. दार, सायकलची चेन. मग त्याच पानावर खालच्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, वय बत्तीस, आणि मार्गशीर्षातली ती तारीख. कुणी, या रकान्यात पुन्हा तेच नाव. कुठे, या रकान्यात मोरी लिहिली नाही. घर लिहिलं.

त्या दिवसापासून बाई दादीकडे राहिल्या, पापडांच्या खाटेखाली अंथरूण घालून. तार वेळेत पोचली की नाही ते तीन आठवडे कळलं नाही. मग दादीच्या पत्त्यावर पाकीट आलं. दादीनं ते दोन्ही हातांत तोललं आणि भिंतीवरून ओरडली, "सुमन! मोटा है! बहुत मोटा है!"

जाताना बाईंनी निळी रजिस्टरं सोबत नेली. माझ्यासाठी एक कोरी वही ठेवली, शाळेत असते तशी, दोनशे पानी. म्हणाल्या, "नाव, वस्तू, तारीख. एवढंच लिहायचं. रडणं लिहू नकोस, ते कुणी मोजत नाही." त्यांची वर्षा-दोन वर्षांनी पत्रं यायची, माझ्या नावानं, माझ्याच घरी. जाड असायची.

नवीन डॉक्टर आले ते पुन्हा "कसं लागलं?" विचारायला लागले. मी बोळा धरताना हळूच जखमी बाईच्या कानाशी विचारायचे, "कुणी?" सांगायच्या बाया.

घरी मी ती वही फळीवर देवाच्या शेजारी ठेवली. त्यानंतर पहिल्यांदा मार बसला तेव्हा उठले, तोंड धुतलं आणि मोडक्या बोटानं वाकडं वाकडं लिहायला बसले.

"काय लिहितेस?" आमचे हे म्हणाले.

"तुमचं नाव."

त्यांनी वही फाडली. मी दुसरी आणली. तीही फाडली, तिसरी आणली. मारणं एकदम थांबलं असं मी म्हणणार नाही. पण पुढे पुढे हात उचलण्याआधी ते फळीकडे बघायचे. मग नुसतंच ओरडायचे, मग तेही कमी झालं.

ही ती तिसरी वही. हिची पहिली अकरा पानं भरली आहेत. पुढची कोरी राहिली होती, त्यांवर हे लिहिलं.