नाडाछडीचे पाच वेढे

मगनदादाला जीप बायकोहून लाडकी, असं आम्ही आळीतले लोक चिडवायचो आणि जसोदावहिनी तोंडाला पदर लावून हसायची. तापीकाठचा केळीवाला हा माणूस. पण मळ्यापेक्षा जीपखालीच जास्त. चौसष्टच्या दसऱ्याला त्याने सुरतेहून आणलेली रुंद चाकं अंगणातच बसवायला घेतली. शेजारी म्हणून मी मदतीला होतो.

नव्या वस्तूला आमच्याकडे नाडाछडी बांधतात, म्हणजे लाल सुती दोरा. जीप जॅकवर होती, चाक ज्यावर बसतं तो पुढचा डावा लोखंडी हब उघडा. वहिनीने त्याला कुंकू लावलं आणि पाच वेढे घालून गाठ मारली. तिचा भाऊ चुनीलाल दुपारी याच जीपने परत जाणार होता. तो सुखरूप पोचावा, एवढंच तिच्या मनात.

नवी चाकं हबवर घट्टच बसत होती. तीन कशीबशी बसली, हे पुढचं डावं, चौथं, मात्र अडलं.

"नवं शे, ठोक," मीच म्हणालो.

दादाने लाकडी ठोकळा ठेवून हाणलं, नट आवळून चाक आत ओढलं. पाना पुढे सरकेना, तेव्हा आम्ही हात पुसले.

दुपारी चुनीलालला पोचवायला जाताना धानोऱ्याच्या अलीकडे ते चाक निघालं आणि जीप नाल्यात उलटली. मगनदादाला नुसतं खरचटलं. चुनीलाल जागीच गेला.

तिसऱ्या दिवशी जीप ओढून आणली. हबच्या बुडाशी दादाला दोरा सापडला, चेपून पापडासारखा झालेला. चाक लोखंडाला टेकलंच नव्हतं, दोऱ्यावर टेकलं होतं. दोरा चेपत गेला तसे नट ढिले पडले. तुकडा त्याने बंडीच्या खिशात टाकला.

"जसोदाले सांगू नको," एवढंच बोलला.

गावाला त्याने सांगितलं, नट आपल्याच हातून ढिले राहिले. सासरच्यांनी येऊन वाट्टेल ते बोलून घेतलं. दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय, असा तो ऐकत बसला. पुढेही जेवायचा, केळीला पाणी द्यायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. बाकी काही नाही. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. ठोक म्हणणारा मीच होतो ना!

वर्षाने जीप दुरुस्त झाली. दसऱ्याला पुन्हा तेच चाक काढलेलं. वहिनी ताट घेऊन आली, ताटात दोऱ्याची अख्खी गुंडी.

"मांगला दसराले पाचच येढा दिन्हात मी," ती म्हणाली. "कमी पडनात. तुम्हनी काय चूक नव्हती. आते अकरा देसू."

दादाचा हात खिशाकडे गेला. हात तिथेच थांबला.

"आधी चाक बसू दे," तो म्हणाला. "मंग वरथीन बांध."

त्याने हब दोनदा पुसला, चाक चढवलं, समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले आणि बाजूला झाला. वहिनीने हबच्या बाहेर राहिलेल्या टोकाला मोठ्याने मोजत अकरा वेढे घातले. गाठ सुटायला लागली, तेव्हा मगनदादा खाली बसला आणि त्याने गाठीवर बोट दाबून धरलं.