विहिरीवर तपासलेलं बोटीचं इंजिन

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, गेला त्याला आता चार महिने झाले. ऐंशीचं दशक सरत आलं, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण दहा वर्षांपूर्वीचं एक इंजिन आठवून त्याच्या हाताचं कौतुक करतो. त्या इंजिनानं उचगावच्या विहिरीतून कसं पाणी फेकलं, ते हात पसरून दाखवतो. इंजिन बोटीचं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

वडगावात, विणकरांच्या मागांच्या खडखडाटात, अण्णाचं वर्कशॉप होतं. शेतीपंपांची इंजिनं दुरुस्त करायची, एवढंच काम. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा वेंगुर्ल्याचा एक बोटवाला चार सिलिंडरचं इंजिन ट्रकवर घालून आंबोली घाटातून घेऊन आला. जी बोट मासळी घेऊन आधी धक्क्याला लागते, तिला भाव मिळतो, असा त्यांच्याकडचा हिशेब.

"माका सगळ्यांच्या आदी पोचाक होया," तो म्हणाला. "ह्या धावला, तर वाडीतली सगळी इंजिनां तुझ्याकडे."

अण्णाला पंपांचा वीट आला होता. समुद्र त्यानं पाहिला नव्हता, पण त्या दिवसापासून तो वर्तमानपत्रातलं कोकणचं हवामान वाचायला लागला.

मी कॉलेजात शिकवत होतो, म्हणून इंजिनासोबतचं इंग्रजी पुस्तक माझ्या वाट्याला आलं. ते मी शब्दकोश घेऊन, वहीत टिपणं काढत वाचलं. क्यामशाफ्टवरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे फिरता फिरता दांडी ढकलतात, दांडी रॉकर नावाची आडवी पट्टी कलवते, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. आणि तो मिटवायचं काम एकट्या स्प्रिंगचं. वेग वाढला आणि स्प्रिंग नरम असली, तर व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला धडकतो. म्हणून वेगवान क्यामशाफ्ट घ्याल तर त्याच्याच जोडीच्या कडक स्प्रिंगा घ्या, एक इथला आणि एक तिथला असं करू नका. एवढं एकच वाक्य पुस्तकात तिरप्या ठशात छापलं होतं.

अण्णानं मुंबईहून क्यामशाफ्ट आणि स्प्रिंगा दोन्ही मागवलं. खोकं उघडलं त्या सकाळी वर्कशॉपात दहा-बारा माणसं जमली. त्यांतल्या कुणीही समुद्रात गुडघ्याच्या वर पाय घातलेला नव्हता, त्यामुळे सल्ल्याला तोटा नव्हता. शहापूरच्या एका विणकरानं माग जोरात चालवायचा तर स्प्रिंग ढिली लागते, असं स्वानुभवानं सांगितलं. निपाणीच्या तंबाखू दलालानं स्प्रिंगचा वास घेतला आणि माल बरा आहे म्हणाला.

मग सगळे आप्पांकडे पाहू लागले. आप्पा म्हणजे अण्णाचे वस्ताद, सत्तरीचे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून इंजिनाची नाडी ओळखणारे. त्यांनी मुंबईची स्प्रिंग तळहातानं दाबून पाहिली. ती दबली नाही. याचा त्यांना राग आला असावा.

"हे कसलं रं? येवढं कडक बसवलंस तर क्याम घासून जाईल. आपल्या पंपाच्या घाल."

"आप्पा, हे दर्यावर चालणार हाय," अण्णा म्हणाला.

"मग? दर्या म्हंजे काय, खारट हीर."

सगळे हसले. अण्णानं माझ्याकडे पाहिलं. "बाळ, पुस्तकात काय लिवलंय रं?"

वही माझ्या हातात होती, पान उघडं होतं. पण आमच्याकडे वस्तादाचं म्हणणं चार माणसांत खोडत नाहीत. पगारी प्राध्यापकानं तर नाहीच नाही. मी म्हणालो, "पुस्तकात दोन्ही बाजूंनी लिहिलंय."

झालं. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून तोडगा निघाला: क्यामशाफ्ट पुस्तकाचा, स्प्रिंगा आप्पांच्या. आमच्या भागात इतक्या लवकर सुटलेला दुसरा प्रश्न मी पाहिला नाही.

तपासणीही आमच्या पद्धतीनं झाली. आमच्याकडे इंजिनाची लायकी त्यानं फेकलेल्या पाण्यावरून ठरते. उचगावात एका शेतकऱ्याच्या विहिरीवर ते पंपाला जोडलं, नारळ फोडला. पंपाच्या संथ चालीला पंपाच्या स्प्रिंगा चांगल्याच मानवल्या. पाण्याचा असा लोट पडला की शेतकरी म्हणाला, "अण्णा, इथंच ऱ्हाऊ दे की दोन दिवस." राहिलं. त्याचा ऊस भिजला. साऱ्या व्यवहारात फायदा झाला तो त्या उसाचा.

वेंगुर्ल्याला अण्णा आणि मी गेलो. आप्पांना बस लागायची. इंजिन बोटीवर चढवलं, अण्णा त्याच बोटीतून मासेमारीला गेला, मी पेढ्यांचा पुडा धरून धक्क्यावर थांबलो. दुपारी बोटी दिसू लागल्या, आणि आमची सगळ्यांच्या पुढं होती. धक्का जवळ दिसताच मालकानं वेग पुरा केला. डबा बडवल्यासारखा आवाज मला काठावर ऐकू आला, मग काहीच नाही. एकेक बोट तिला ओलांडून आली. शेवटी एका शिडाच्या होडीनं आमची बोट ओढत आणली. अण्णाचे हात कोपरापर्यंत काळे होते. दोन व्हॉल्व्ह वाकले होते. मालक रागावला नाही. इंजिन गोव्याला नेतो, एवढंच म्हणाला.

परतीच्या बसमध्ये घाट चढून होईस्तोवर अण्णा फडक्यानं हात पुसत होता. मग म्हणाला, "खरं सांग, काय लिवलं हुतं?"

मी सांगितलं.

"मग तवा का न्हाय बोललास?"

"आप्पा हुते की."

"व्हय," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आप्पा हुते." पेढे त्यानंच उघडले, आणि एक मला दिला. त्यानंतर त्यानं मरेपर्यंत पंपच दुरुस्त केले.

परवा उचगावचा तो शेतकरी आला. त्यानं पुन्हा हात पसरले. "काय पाणी फेकलं हुतं! दर्यावर बिघडलं ते खाऱ्या पाण्यानं."

"स्प्रिंगा चुकल्या होत्या," मी म्हणालो. "पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. अण्णानं विचारलं, आणि मी खोटं सांगितलं."

खोलीत आठ-दहा माणसं होती. आप्पा जाऊन पाच वर्षं झाली, तरी दोघांनी वर्कशॉपातून घरी आणून कोपऱ्यात ठेवलेल्या त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आता कशाला ते, सर," शेतकरी म्हणाला. चहा आला. त्यानं कपबशी दोन्ही हातांत धरली, आणि पहिल्यांदाच त्याला दाखवायला हात मोकळे राहिले नाहीत.