आप्पांचा अर्धा बोर्ड

माझ्या नावावर एक पेटंट आहे. अमेरिकेतलं. तिथे कशाचंही देतात.

मी फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. आमच्या माण गावात आमची भाताची खाचरं होती, तिथेच आता तिची काचेची इमारत आहे. मोबाइलच्या एवढ्याशा बटणात मराठी शब्द मावेना, म्हणून मोठमोठ्या पदव्यांची मंडळी अक्षरं आवळत बसली होती. 'क्ष' तर ओळखू येईना. मी म्हटलं, अक्षराला हात लावू नका, काना असेल तिथली जागा कमी करा. सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

त्यात माझं काय होतं? आमचे आप्पा जन्मभर बोर्ड रंगवत आले. डेअरी, पिठाची गिरणी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. लहानपणी मी रंगाचा डबा धरून उभी असायचे आणि ते ब्रश फिरवता फिरवता सांगायचे, "अक्षराचं पोट दाबू नगं. कान्यापाशी जागा चोर."

कंपनीच्या वकिलांनी पेटंटच्या अर्जासाठी या वाक्याची कित्येक पानं केली, आप्पांनाच काय, मलाही न कळणारी. मग विचारलं, ही पद्धत आधी कुणी वापरत होतं का? मी बेधडक 'नाही' लिहिलं. पगारवाढ दिसत होती, बाप दिसला नाही.

पेटंट मिळालं आणि गावाला चेव आला. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा, त्यावर माझा फोटो एक आणि पुढाऱ्यांचे दहा. पेटंट कशाला म्हणतात हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आप्पा अडून बसले, "माज्या पोरीचा बोर्ड मी रंगवनार."

रविवारी घरी गेले तर बोर्ड भिंतीला टेकवलेला. नुसतं 'हार्दिक' लिहिलेलं, ब्रश धुऊन ठेवलेले. आदल्या दिवशी मीच फोनवर फुशारकीने पेटंटचा अर्थ त्यांना समजावला होता: नाव माझं, हक्क कंपनीचा, तिला विचारल्याशिवाय ही पद्धत कुणी वापरायची नाही.

"थांबलात का?" मी विचारलं.

"ही रीत आता कंपनीची झाली न्हवं?"

"आप्पा, ते कागदावर."

"जमीन बी कागदावरच दिली. तवापास्नं तितं पाय ठेवायचा तर गेटवर इचारतो मी. बोर्ड पुरा करू का, तेवढं सायबाला इचारून घे, पोरी."

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.