पंखेवाल्याची शिडी

त्याला सगळे पंखेवाले म्हणतात. पांढऱ्या गाडीच्या टपावर शिडी, शिडीला बांधलेलं पंख्याचं एक जुनं पातं आणि हातात पंख्याचं चित्र छापलेला मोठा खोका असा हा माणूस जिन्यात दिसला, की शेजारीपाजारी काय समजायचं ते समजतात. खोक्यात मात्र पंखा नसतो. वाफेचं यंत्र असतं, रबरी नळी असते, पावडरचे दोन डबे आणि गादीच्या शिवणीत फिरवायला पत्त्यांमधली एक जुनी चौकटची राणी. तो ढेकूण मारतो.

ताप आला, नोकरी गेली, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, हे सगळं माणसं चार लोकांत सांगतात. घरात ढेकूण झाले हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, कारण मग ती राहायला येत नाही. हे त्याला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं. त्याच्या गाडीवर तेव्हा एक भलामोठा लाल ढेकूण रंगवलेला होता. ज्या घरासमोर गाडी उभी राही, त्या घराशी आळी बोलेनाशी होई. त्याने ढेकूण खरवडून काढला, भंगारातून पातं आणलं आणि शिडीला बांधून टाकलं. त्यानंतर धंदा वाढला. ती शिडी त्याने कधी टपावरून उतरवली नाही. दोऱ्यांच्या गाठी दगडासारख्या झाल्या होत्या.

त्याच्या स्वतःच्या घरातला पंखा कैक वर्षं करकरतो. बायको पाहुण्यांसमोर मुद्दाम वर बघून म्हणते, "यांना सगळं गाव पंखेवाले म्हणतं हो."

घराचा मुख्य आधार म्हणजे एका हॉटेलच्या खोल्यांचं वर्षभराचं काम. बाकीची गिऱ्हाइकं असली तर असली. यंदा करार नवा करायची वेळ आली तेव्हा हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. मॅनेजर जुना माणूस, आढेवेढे न घेणारा.

"मोबाइलवर तुमच्या नावाखाली हे काय आलंय?"

"काय आलंय?"

"फसवणूक, असं लिहिलंय कुणीतरी. धाकटे मालक आता सगळं त्या चांदण्या बघून ठरवतात. महिनाअखेरीपर्यंत ते मिटवा. नाहीतर दुसरा माणूस बघा, असं सांगितलंय त्यांनी मला."

मोबाइलचं सगळं त्याची लेक बघते. तिनेच हट्टाने धंद्याचं नाव इंटरनेटवर टाकलं होतं. तिथे आजवर दोघांनीच कौतुक लिहिलं होतं. एकात त्याच्या साडूने 'फारच सज्जन माणूस' असं लिहिलं होतं आणि दुसऱ्यात साडूच्या बायकोने 'सहमत' असं. ज्यांचे ढेकूण खरोखर गेले होते त्यांच्यापैकी एकानेही अक्षर लिहिलं नव्हतं. लिहायचं म्हणजे आधी कबूल करायचं. आता सर्वात वर 'शुक्रतारा' नावाच्या कुणीतरी एकच चांदणी देऊन लिहिलं होतं: 'पैसे घेऊन गेला. ढेकूण होते तिथेच आहेत. वर माझ्या घरात कुठली वस्तू होती नि कुठली नव्हती याच्या चौकशा. शुद्ध फसवणूक.'

लेकीने वाचून दाखवलं. त्याने चहा बशीत ओतला आणि प्यायचा विसरला.

"ओळखलंत ना, बाबा?"

"ओळखलं."

तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं, एकटीच राहणारी बाई. खिडकीशी गालिचावर चार गोल खळगे पडलेले त्याने पाहिले होते, जड खुर्चीच्या पायांचे असतात तसे. "ताई, इथे खुर्ची होती का?" असं त्याने विचारलं. "होती. देऊन टाकली," ती म्हणाली. त्याच्याशी माणसं जितकं खोटं बोलतात तितकं डॉक्टरशीही बोलत नसतील, त्यामुळे त्याने वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "बाहेर गेलेली वस्तू परत आली तर पाहुणेही परत येतात." खुर्ची परत आली होती, एवढाच त्या एका चांदणीचा अर्थ.

हे त्याच्याकडून ऐकून लेकीचा तिळपापड झाला. तिने तिथल्या तिथे उत्तर टाइप करून बापाच्या नाकासमोर धरलं. 'खिडकीजवळची खुर्ची आमच्यापासून लपवलीत आणि ढेकणांसकट परत आणलीत, त्याला आम्ही काय करणार?'

"पूस ते."

"खरं नाही का?"

"खरं आहे म्हणूनच पूस. खिडकीजवळची खुर्ची म्हटल्यावर त्या इमारतीत कुणाला कळायचं राहील?"

"तिने तर खोटं नाव घेऊन तुमची अब्रू काढली."

"मग मी तिचं खरं नाव लावू?"

"बाबा, हॉटेलचं काम जाईल." तिने आवाज खाली आणला. "एक माणूस आहे, पैसे घेऊन पन्नास जणांचं कौतुक लिहून देतो. मैत्रिणीच्या पार्लरला दिलंय त्याने."

"पन्नास अनोळखी माणसं म्हणणार, आमच्या घरात ढेकूण होते?"

"हो."

"साडूच बरा," तो म्हणाला.

शेवटी त्याने सांगितलं तेवढंच तिने लिहिलं: 'आम्ही कुठल्याही घराबद्दल बोलत नाही. पुन्हा बोलावलंत तर येऊ. पैसे घेणार नाही.' धाकट्या मालकांवर याचा काही परिणाम झाला नाही. महिना सरत आला. बायको पंख्याचा विषयही काढत नव्हती, यावरून काय ते त्याला कळत होतं.

मग एके सकाळी फोनवर एक दबका, म्हातारा आवाज आला.

"ढेकणांचं काम तुम्हीच करता ना? जरा हळू बोला हं."

"मी बोललोच नाही अजून, आजोबा."

पत्ता ओळखीचा निघाला. तीच इमारत, तोच मजला, समोरचं दार.

दार एका निवृत्त पोस्टमास्तरांनी उघडलं. खोका आणि माणूस बघून ते चक्रावले. "अहो, तुम्ही तर समोरच्या बाईंचे पंखेवाले. म्हणजे समोरसुद्धा…?"

समोरचं दार अर्धवट उघडं होतं. हातात केराची टोपली घेतलेली ती बाई तिथेच थबकली होती.

"मी दोन्ही कामं करतो," तो म्हणाला. "समोर पंखा होता."

"असं होय." आजोबा त्याला आत घेऊन गेले, पण दार लावायचं त्यांना सुचलं नाही. त्याने राणी गादीच्या शिवणीतून फिरवली. बॉलपेनने टेकवल्यासारखे काळे ठिपके होते. नवीन वस्ती, फारशी पसरलेली नाही.

"पण हे आलं कुठून?" आजोबा म्हणाले. "आम्ही ना प्रवासाला जात, ना कुणी आमच्याकडे राहायला येत. समोरच्यांची एक खुर्ची तेवढी मध्यंतरी ठेवून घेतली होती. रंगकाम होतं म्हणे त्यांच्याकडे."

खुर्चीचं नाव निघालं आणि बाहेर टोपली जमिनीला टेकल्याचा आवाज आला. त्याने उशाशी पडलेलं जाडजूड पुस्तक उचललं. त्यावर वाचनालयाचा शिक्का होता.

"हे कुठून आणता?"

"वाचनालयातून. का?"

"पुस्तकाच्या बांधणीतूनही येतात."

हे खोटं नव्हतं. येतात, क्वचित. आजोबांनी पुस्तकाकडे जुन्या मित्राने दगा दिल्यासारखं पाहिलं.

काम आटोपून, पुन्हा कधी यायचं ते सांगून तो बाहेर पडला, तेव्हा बाई दारातच उभी होती. आजोबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "पंखेवाले, आमचाही पंखा जरा बघून जा."

खुर्ची खिडकीशी होती. तपकिरी मखमलीची, हातांवर झिजलेली. त्या खळग्यांत चारही पाय बरोबर बसले होते.

"वडिलांची आहे," ती म्हणाली. "वाफेने मखमल जाईल असं वाटलं."

"वरून मारली तर जाईलच."

त्याने खुर्ची उताणी केली, खालच्या कापडाच्या पिना एकेक करून उचकटल्या, कापड बाजूला केलं आणि आतल्या लाकडाच्या सांध्यांवर वाफ सोडली. मखमलीला त्याने नळी लागू दिली नाही. ती खाली बसून पिना वाटीत गोळा करत होती. माफी तिने मागितली नाही आणि त्यानेही तिच्याकडे त्या अपेक्षेने पाहिलं नाही. कापड परत ताणून बसवल्यावर ती म्हणाली, "पैसे?"

"परत आलो तर घेत नाही. लिहिलंय तसं."

"कुठे?"

"लिहिलंय कुठेतरी."

तिने रिकामी वाटी आत नेऊन ठेवली.

आठवड्याभरात लेक मोबाइल घेऊन धावत आली. 'शुक्रतारा'ने जुनं पुसून पाच चांदण्या दिल्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'पंखा आता उत्तम चालतो. शांत झोप लागते. माणूस फार कमी बोलतो.' त्याच्या खाली, नातवाच्या मदतीने असावं, आजोबांनीही पाच चांदण्या देऊन लिहिलं होतं: 'आमच्याही पंख्याचं काम चोख केलं.'

"ढेकणांचं एक अक्षर नाही," लेक म्हणाली.

"नसणारच."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "धाकट्या मालकांनी बघितलं. मला विचारलं, हा ढेकणांचा माणूस आहे की पंख्यांचा? मी सांगितलं, खरं काय ते याच्या गिऱ्हाइकांकडूनही बाहेर फुटत नाही, म्हणून तर त्याला ठेवलाय. हॉटेलला दुसरं काय हवं?"

"मग?"

"करार झाला. फक्त त्यांनी एक वाढवलंय. खोल्यांच्या पंख्यांचंही तुम्हीच बघायचं."

त्याने फोन ठेवला. मग सुरी घेऊन बाहेर गेला आणि टपावरच्या गाठी कापायला लागला. शिडी आत येताना दाराला दोनदा अडली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, वर बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

तो दोन पायऱ्या चढला. खिशातून पाना काढला.

"मेन बंद केलंत का?" तिने खालून विचारलं.

तो उतरला.