वरच्या काकांचं थांबणं

दुसऱ्याचं वाक्य कधीच पुरं होऊ न देणारा असा माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा झाला नसेल. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहायचे, म्हणून ते वरचे काका. मी जिन्यात नुसतं “आज जरा…” म्हटलं की “पाणी कमी आलं, माहितीये,” म्हणून मोकळे. मला सांगायचं असायचं पाहुण्यांचं, पण काकांनी पाणी ठरवलं की पाणीच. सत्यनारायणाला भटजींच्या आधीच त्यांनी पुढचा मंत्र म्हणून टाकला, तोही चुकीचा. भटजी पुढच्या वर्षी आले नाहीत. कारखान्यात ते नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला. घरीही तेच. आमचा फ्रिज, पंखा, मिक्सर, सगळं त्यांनी तपासलं होतं. सासूबाई गुडघा वाजतो म्हणाल्या, तर तिथेही स्क्रूड्रायव्हर लावायला निघाले होते.

आमची मुलगी चार वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं होतं. मी मात्र रोज तिच्यासमोर बसून “आई म्हण, आई म्हण” करत तिचा जीव खायचे. ती मान फिरवून गुणगुणत बसायची. कारखान्याचा भोंगा झाला की हुबेहूब त्याच सुरात. थेरपीच्या बाईंनी तेच धरलं. म्हणाल्या, रोज एकच गाणं म्हणा, शेवटचा शब्द सोडा आणि थांबा. आता माझा गळा असा की मी गायला लागले की मुलगी कानावर हात ठेवायची. काकांना कळलं तसे ते आपली बाजाची पेटी घेऊन खाली उतरले. आधी तिचं गुणगुणणं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “वहिनी, मशीन बिलकुल ठीक आहे. सूर पक्का आहे. सुरू व्हायला वेळ लागतोय, बस.” माझ्या पोरीला मशीन म्हटल्याचा मला राग यायला हवा होता. पण तिच्यात काहीतरी ठीक आहे असं म्हणणारा तो पहिला माणूस होता.

गाणं काकांनीच जुळवलं. काव्य म्हणाल तर यथातथाच. ‘भोंगा झाला, डबा आला, पहिला घास कोणाला?’ पुढचा ‘मला’ तिने म्हणायचा. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की पेटी, पुढ्यात पोह्यांची बशी, आणि ‘कोणाला’वर येऊन काका गप्प. अहो, गप्प म्हणजे गप्प. समोर चहा गार व्हायचा. मलाच धीर धरवेना, पाचव्या दिवशी मीच “मला!” म्हणून मोकळी झाले. काकांनी माझ्यासमोर बोट धरलं. “रुका ना वहिनी. तो शब्द तिचा आहे.” हे मला कोण सांगत होतं, बघा.

असे कितीतरी महिने गेले. मी पदर तोंडात धरून बसायला शिकले. एका संध्याकाळी काका ‘कोणाला’वर थांबले. मुलगी पेटीकडे बघत होती, मग बशीकडे, आणि हळूच, अगदी सुरात म्हणाली, “म… ला.” काकांनी पहिला घास तिला भरवला. पुढची ओळ काही त्यांना वाजवता आली नाही. चष्मा पुसत, चहा न घेताच वर निघून गेले. ‘आई’ यायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. मी थांबले.

काका रिटायर होऊन उज्जैनला मुलाकडे गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. मुलगी सतरा वर्षांची आहे. बेताचं बोलते, वेळ घेऊन बोलते, पण तिचं ती बोलते. रविवारी काकांचा फोन येतो, तो आम्ही स्पीकरवर ठेवतो. हल्ली त्यांना शब्द आठवत नाहीत, वाक्य मध्येच अडतं. परवा म्हणाले, “आज सुनेने ते हे केलं होतं… ते…” आणि थांबले. शेवटी सवय माझी, मी शब्द पुरवायला तोंड उघडलं. तेवढ्यात मुलीने माझ्यासमोर बोट धरलं. फोन दोन्ही हातांत घट्ट धरून ती शांत बसून राहिली. बऱ्याच वेळाने पलीकडून काका म्हणाले, “पोहे.”