महिलांचं टेबल

आमच्या गावच्या वाचनालयात काल एक बाई पेपर वाचायला आल्या. मोठ्या टेबलाशी बसणार, तोच ग्रंथपाल म्हणाले, “ताई, महिलांचं टेबल तिकडे.” तिकडे म्हणजे मी बसले होते त्या कोपऱ्यात, पाककृतींच्या जुन्या मासिकांपाशी.

“मला आजचा पेपर हवाय.”

“या काकांचा वाचून झाला की देतो ना!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जगातली बातमीसुद्धा बायकांनी उष्टी झाल्यावरच घ्यायची? वाचनालयातही पुरुषांची पंगत आधी?

बाईंनी वाद घातला नाही. कोपऱ्यातली खुर्ची उचलून त्यांनी मोठ्या टेबलाशी नेली आणि पेपर धरून बसलेल्या काकांना म्हणाल्या, “आतलं पान द्या, तोवर ते वाचते.”

काकांनी पान काढून दिलं. मग मीही माझी खुर्ची उचलली.