कृष्णातचा पातळ कीबोर्ड

"हरता तुम्ही, आणि दोष कीबोर्डच्या जाडीला?" शेजारची चंपा नवऱ्यावर ओरडली, ते जुनं भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

"तुला काय कळतंय? बोटांना चढ पडतो!"

हा तिचा नवरा कृष्णात बंगळुरातल्या पीण्या भागात कारखान्यात फिटर, सुट्टीला कॉम्प्युटरवर गोळीबाराच्या स्पर्धा खेळायचा. यंदा टीमनं बजावलं, हरलास तर बाहेर. मग हा शहाणा कारखान्यातला जाडी मापायचा व्हर्नियर घेऊन शिवाजीनगरला गेला. दुकानात एकेक कीबोर्ड मापून सगळ्यात पातळ, टकटक वाजणारा आणला.

रविवारी पहिल्याच फेरीत हरला. टीम गेली. बोटं तीच, आधी ती मापायची की!

संध्याकाळी नेहमीसारखा माझ्या दारात. "आज्जी, दुधाला चाललोय. तुमची पिशवी द्या."

"कृष्णाता, दूध मापून आण हं," मी म्हटलं.

कसनुसा हसला, पण आणलं वेळेवर.